घुम्या, शिष्ट, तऱ्हेवाईक... आणि ऑटिस्टिक

माणसाला नावं ठेवायची तर मराठीत शब्दांची कधीच ददात पडली नाही. घुम्या, एकलकोंडा, माणूसघाणा, शिष्ट, तिरसट, तऱ्हेवाईक. हे सहाही मला वयाच्या विशीपर्यंत मिळाले. सातवा, 'टीम प्लेयर नाही', हा नोकरीला लागल्यावर अप्रेझलमध्ये मिळाला. आणि गेल्या वर्षी, ३९ व्या वर्षी, आठवा मिळाला: ऑटिस्टिक. डॉक्टरांनी दिलेला हा पहिलाच. आणि ज्यात आरोप नाही असाही हा पहिलाच.

वीकएंडला इतिहास वाचत बसायची माझी खोड तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळे निदान झाल्यावर इतर लोक जे काय करत असतील ते न करता मी हा शब्द कुठून आला ते शोधत बसलो. मुख्य प्रश्न एकच होता: ह्या शब्दाला माझ्यापर्यंत पोचायला इतका उशीर का लागला? (उत्तर असं निघालं की उशीर मला एकट्यालाच झाला नव्हता. मोठ्या माणसांच्या एका अख्ख्या जमातीला झाला होता.)

तर, सुरुवातीपासून.

'ऑटिझम' हा शब्द रूढ केला ऑयगन ब्लॉयलर ह्या स्विस मनोविकारतज्ज्ञाने, १९११ सालच्या त्याच्या स्किझोफ्रेनियावरच्या ग्रंथातून. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्याच जगात शिरलेल्या रुग्णाच्या अवस्थेला त्याने हे नाव दिलं. आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो त्याचा आणि ह्याचा संबंध नावापुरताच. आपला 'स्वमग्नता' हा शब्द ह्याच 'ऑटोस'वरून घडवलेला. शब्द म्हणून देखणा आहे, पण ब्लॉयलरचा जुना अर्थ त्यात तसाच राहून गेलाय: स्वतःत बुडालेला. माझ्यापुरतं सांगायचं तर मीटिंगमध्ये मी स्वतःत अजिबात बुडालेला नसतो. कोण कधी बोलायचं थांबणार, 'बघू या' म्हणजे हो की नाही, समोरचा हसला ते विनोदाला की मला, ह्या हिशेबात बुडालेला असतो. संध्याकाळी घरी येईपर्यंत बॅटरी संपलेली असते ती त्यामुळे.

असो. १९२५ साली मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा ह्या डॉक्टरबाईंनी सहा मुलग्यांची वर्णनं छापली. ती आज वाचणाऱ्याला नवल वाटतं, इतकी ती आजच्या व्याख्येच्या जवळ आहेत. पुढे त्यांनी मुलींवरही लिहिलं. पण हे काम रशियन आणि जर्मन नियतकालिकांत पडून राहिलं. मूळ लेखाचा इंग्रजी अनुवाद झाला तो १९९६ मध्ये. म्हणजे तब्बल सत्तर वर्षांनी!

त्यामुळे पाठ्यपुस्तकात इतिहास सुरू होतो तो १९४३ पासून. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिओ कॅनर ह्यांनी अकरा मुलांवर लेख लिहिला: आठ मुलगे, तीन मुली. पहिली केस 'डोनाल्ड टी.', मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातला मुलगा. वडिलांनी त्याच्याविषयी ३३ पानांचं टाइप केलेलं पत्र पाठवलं होतं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर ह्यांनी चार मुलांचं वर्णन केलं. चारही मुलगेच. आता ह्या याद्या जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. सगळी मुलं, आणि बहुतेक मुलगेच. आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन लिहिताना सॅम्पल डेटा हा होता. मग मोठी माणसं, आणि विशेषतः बायका, कितीतरी वर्षं त्या स्पेकमध्ये बसल्याच नाहीत ह्यात आश्चर्य ते काय?

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ऑटिझमला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. नाव होतं 'इन्फंटाइल ऑटिझम', म्हणजे बाळांचा ऑटिझम. लक्षणं अडीच वर्षांच्या आत दिसली पाहिजेत अशी अट. एखाद्याला लहानपणी सगळी लक्षणं होती आणि आता पूर्ण नाहीत, तर त्याच्यासाठी वेगळा कप्पा: 'रेसिड्युअल स्टेट'. भांड्याच्या तळाशी काहीतरी चिकटून राहावं तशी उरलीसुरली अवस्था. मोठ्या माणसाची पुस्तकातली जागा तेवढीच. १९८७ मध्ये 'इन्फंटाइल' हा शब्द गळला खरा, पण तोवर मोठ्यांचा ऑटिझम बघायची सवय कोणाला नव्हती.

आणि तो डोनाल्ड? तो मोठा झाला होता की! १९७१ मध्ये कॅनरनी आपल्या अकरा मुलांचं पुढे काय झालं ते लिहिलं, तेव्हा डोनाल्ड गावातल्या बँकेत नोकरी करत होता. पुढे २०१० मध्ये जॉन डोनव्हन आणि कॅरेन झकर ह्या पत्रकारांनी त्याला शोधून काढलं. तेव्हा डोनाल्ड ट्रिपलेट सत्तरीत होते, रोज गोल्फ खेळत होते आणि एकट्याने पुष्कळ देश हिंडून आले होते. २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी ते वारले. घरचे श्रीमंत होते, बँक घरचीच होती, आणि गावाने त्यांना 'आपला डोनाल्ड' म्हणून सांभाळून घेतलं होतं. बाकीच्यांपैकी काहींचं आयुष्य संस्थांच्या कोंडवाड्यात गेलं. निदान तेच, पण आजूबाजूची माणसं वेगळी.

ह्या इतिहासातला सगळ्यात वाईट भाग मात्र आयांच्या वाट्याला आला. कॅनरनी १९४३ च्या लेखात हे जन्मजात असावं असं लिहिलं होतं, पण आईवडिलांच्या थंडपणाबद्दलही शेरे मारले होते, आणि पुढच्या काही वर्षांत त्या शेऱ्यांचंच पीक फोफावलं. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्दप्रयोग त्यातूनच आला: आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं! ब्रुनो बेटलहाइम ह्यांच्या १९६७ मधल्या पुस्तकाने हे लोकांच्या मनात घट्ट बसवलं. ह्याला पहिलं सणसणीत उत्तर दिलं ते बर्नार्ड रिमलंड ह्यांनी, १९६४ मध्येच. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे बापही. १९६९ मध्ये खुद्द कॅनर पालकांच्या सभेत उभे राहिले आणि 'तुम्ही निर्दोष आहात' असं त्यांनी जाहीर केलं. १९७७ मध्ये फोलस्टीन आणि रटर ह्यांनी जुळ्यांचा अभ्यास छापला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ मध्ये दोन्ही भावंडं ऑटिस्टिक होती. वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. आकडे छोटे, पण दिशा स्पष्ट: हे बरंचसं जन्मतःच येतं.

हे सगळं सविस्तर का सांगतोय? कारण मोठ्या माणसाचं निदान करताना त्याचं लहानपण तपासावं लागतं, आणि ते ठाऊक असतं आईला. मानसशास्त्रज्ञांनी माझ्या आईला तासभर प्रश्न विचारले. बोलायला कधी लागला, इतर मुलांत खेळायचा का, एखाद्या गोष्टीचं वेड होतं का. आई उत्साहाने सांगत होती: काही त्रास नव्हता हो, रेल्वेचं टाइमटेबल दिलं की दुपारभर गप्प. परत येताना रिक्षात मात्र ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, "माझं काही चुकलं का रे?"

मी तिला कॅनरची गोष्ट सांगितली. म्हटलं, आई, १९६९ सालीच तुम्हा सगळ्यांना निर्दोष सोडलंय.

"तेव्हा मी तिसरीत होते," आई म्हणाली. "मला कोणी कळवलं नाही."

आता मूळ प्रश्नाकडे. मोठी माणसं यादीत आली कशी? ह्याचं बरंचसं श्रेय लंडनच्या डॉक्टर लोर्ना विंग ह्यांना जातं. त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. १९७९ मध्ये त्यांनी ज्युडिथ गूल्ड ह्यांच्याबरोबर कॅम्बरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास छापला. त्यातून दिसलं की कॅनरच्या काटेकोर व्याख्येत न बसणारी, पण तशाच अडचणी असलेली मुलं कितीतरी जास्त आहेत. १९८१ मध्ये त्यांनी 'अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम' हे नाव वापरून लेख लिहिला. त्यात ३४ जणांची माहिती होती आणि वयं होती ५ ते ३५! ते '३५' वाचताना मी जरा थांबलो. तिथे पहिल्यांदा मला कोणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं.

१९९४ मध्ये हे नाव अमेरिकन पुस्तिकेत आलं आणि दार उघडलं. मग पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नोकरी-संसार करणारी माणसं डॉक्टरांकडे जाऊ लागली. बऱ्याचदा मुलाच्या निदानावरून स्वतःची शंका येऊन. टिम पेज हे अमेरिकेतले नावाजलेले संगीतसमीक्षक. त्यांना पुलित्झर मिळालं १९९७ मध्ये, आणि निदान झालं २००० मध्ये, ४५ व्या वर्षी. त्यांनी लिहिलंय की माणसांत कसं वागायचं हे त्यांना एमिली पोस्ट ह्यांच्या शिष्टाचाराच्या पुस्तकातून उमगलं. लोकांना ते पुस्तक कालबाह्य वाटतं; पेजना ते चक्क मॅन्युअल वाटलं. डॉक्युमेंटेशन नसलेल्या सिस्टिमवर वर्षानुवर्षं काम केलेल्या कोणालाही हा आनंद कळेल. दुसरे जॉन एल्डर रॉबिसन, आपल्यासारखेच इंजिनियर. 'किस' ह्या रॉक बँडसाठी त्यांनी धूर सोडणाऱ्या, दिवे लागणाऱ्या गिटारी बनवल्या होत्या. निदान चाळिशीत. त्यांच्या २००७ मधल्या आत्मकथनाचं नाव आहे 'लुक मी इन द आय'. लहानपणी मोठी माणसं त्यांना सतत हेच दटावायची: माझ्या डोळ्यांत बघून बोल!

नुसतं निदान होणं वेगळं आणि त्याला आपली ओळख म्हणणं वेगळं. ही दुसरी पायरी डॉक्टरांनी बांधलेली नाही. ती ऑटिस्टिक माणसांनी स्वतःच बांधली. १९९२ मध्ये अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि इतरांनी ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल ही संस्था काढली, ऑटिस्टिक माणसांनी ऑटिस्टिक माणसांसाठी चालवलेली. १९९३ मध्ये सिंक्लेअर ह्यांनी पालकांना उद्देशून 'डोन्ट मोर्न फॉर अस' हा लेख लिहिला. आशय असा, की तुम्हाला हवं होतं ते मूल आलं नाही ह्याचं दुःख करायचं तर करा, पण जे आलंय ते जिवंत आहे, त्याच्यासाठी सुतक पाळू नका. मग १९९६ पासून ई-मेलवरच्या एका गटात जगभरचे लोक मेंदूंच्या विविधतेबद्दल बोलू लागले. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर ह्यांनी समाजशास्त्राच्या प्रबंधात 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द वापरला. मुलीच्या निदानानंतर त्यांना स्वतःची आई आणि स्वतःचा स्वभाव नव्याने कळला होता. एका वेळी तीन पिढ्यांचं निदान!

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना ह्यात ओढलं ते 'वायर्ड' मासिकाने, डिसेंबर २००१ मध्ये. स्टीव्ह सिल्बरमन ह्यांचा सिलिकॉन व्हॅलीवरचा लेख आणि सोबत केंब्रिजची ५० प्रश्नांची चाचणी. तेव्हापासून 'प्रोग्रामर म्हणजे थोडा ऑटिस्टिकच' हा विनोद रुळला. पण बरेच ऑटिस्टिक लोक गणितात बेताचेच असतात, आणि बरेच प्रोग्रामर पार्ट्यांत मस्त रमतात. 'रेनमॅन' (१९८८) पाहून जसा एक साचा तयार झाला, तसाच हा दुसरा. साच्याने एक मोठा तोटा होतो: जो साच्यात बसत नाही त्याला निदानच मिळत नाही.

आणि आपल्याकडे? १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम नव्हता. तो आला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, आणि मग २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत. मी पहिलीत गेलो तेव्हा ह्यातलं काहीच नव्हतं. माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी एकच शेरा असायचा: 'हुशार आहे, मुलांत मिसळत नाही.' त्यावर पूर्वी मला राग यायचा. आता तो शेरा मला चांगली नोंद वाटते. बाईंनी जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. त्यांच्याकडे त्यासाठी शब्द नव्हता, इतकंच.

उशिरा झालेल्या निदानाचा खरा परिणाम हाच असतो. तो पुढच्या आयुष्यावर होतो त्याहून जास्त मागच्यावर होतो. प्रॉडक्शनमधला एक जुना बग सापडला की मागची पन्नास तिकिटं उघडून बघावी लागतात, की अरे, हे पण त्याचंच होतं! लग्नाच्या हॉलमधून मी पार्किंगमध्ये जाऊन बसायचो ते शिष्टपणामुळे नव्हे, बँडच्या आवाजामुळे. ठरलेली वेळ बदलली की माझा दिवस कोसळायचा तो हट्टीपणा नव्हता. बायकोला सांगितलं तेव्हा ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे बारा वर्षं तू हे मुद्दाम करत नव्हतास?" आम्ही दोघंही खूप हसलो. मग थोड्या वेळाने नाही हसलो. कारण ही गोष्ट आधी कळली असती तर टळली असती अशी भांडणं दोघांनाही आठवत होती.

लोक म्हणतात, "अरे, आपण सगळेच थोडे थोडे तसे असतो." प्रेमानेच म्हणतात. पण थोडा आवाज सगळ्यांनाच नकोसा होतो. तो सहन करायला कोणाला किती किंमत मोजावी लागते, हा प्रश्न आहे. २०१३ मध्ये पाचव्या निदानपुस्तिकेने अ‍ॅस्पर्गर हे वेगळं नाव काढून सगळ्यांना एकाच स्पेक्ट्रममध्ये घेतलं, आणि त्यात एक मोलाची कबुली दिली: लक्षणं लहानपणापासून असतात, पण मागण्या झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही; आणि शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलीही जातात. माझ्यासारख्यांसाठी, आणि माझ्याहून जास्त त्या असंख्य बायकांसाठी ज्या आयुष्यभर नीट हसायला शिकल्या, अख्खं पुस्तक एका बाजूला आणि ही ओळ एका बाजूला.

पण ह्या एकत्रीकरणावर पालकांचा एक आक्षेप आहे आणि तो ऐकायला हवा. ज्यांचं मूल पंचविशीतही बोलत नाही, ज्याला चोवीस तास सोबत लागते, त्यांना माझ्यासारख्या पगारदार माणसाने 'ही आमची ओळख आहे' म्हणणं खुपतं. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने अशांसाठी 'प्रोफाउंड ऑटिझम' असा वेगळा शब्द सुचवला. त्यावर वाद आहे. मला एवढंच वाटतं, की माझी ओळख त्यांच्या गरजेच्या आड येता कामा नये. आणि नावाचा इतिहासही सगळा उजळ नाही: व्हिएन्नातल्या अ‍ॅस्पर्गरनी मुलांना नाझींच्या श्पीगेलग्रुंड ह्या मृत्यूच्या दवाखान्याकडे पाठवल्याचं हेरविग चेक ह्यांनी २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी दाखवलं. त्यामुळे ते नाव मी स्वतःसाठी वापरत नाही.

मग वापरतो काय? 'ऑटिस्टिक'. 'ऑटिझमने ग्रस्त' नाही, कारण मी ग्रस्त होतो तो घुम्या आणि शिष्ट ह्या शब्दांनी. 'स्वमग्न'ही जमत नाही, त्याचं कारण वर सांगितलंय. उधारीचा का असेना, हा शब्द चारचौघांत सरळ उच्चारता येतो. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन ह्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने (तेही ऑटिस्टिकच, निदान मोठेपणीच) एक साधी गोष्ट मांडली: दोन वेगळ्या घडणीची माणसं एकमेकांना समजू शकली नाहीत तर ती अडचण दोघांची असते, एकाची नाही. हे वाचल्यावर मी टीममध्ये दोनच गोष्टी मागितल्या: मीटिंगचा अजेंडा आधी लिहून मिळावा, आणि 'बघू या'ऐवजी हो किंवा नाही सांगावं. दोन्ही मिळाल्या. गंमत म्हणजे अजेंडा आल्यापासून इतरांच्याही मीटिंगा लवकर संपतायत.

बाकी आयुष्य तेच आहे. कुकरच्या शिट्टीला अजूनही दचकतो, रेल्वेचं टाइमटेबल अजूनही आवडतं. आई शेजारच्या काकूंना सांगते, "त्याचं पहिल्यापासून जरा वेगळंच असतं, आता डॉक्टरांनी पण सांगितलंय." त्या 'पण'मध्ये सगळं आलं. तिला ठाऊक होतंच. फक्त आता ती ते दबक्या आवाजात सांगत नाही.